मिसवाकचं झाड कुठलं?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. राजगड चढायचा म्हणून आम्ही तिघेजण आदल्या रात्री गुंजवण्यात मुक्कामाला होतो. तेव्हाच्या वेल्हे तालुक्यातलं हे गाव गडाच्या अगदी पायथ्याला आहे. इथूनच चोर दरवाज्याची वाट पद्मावती माचीवर जाते. ज्यांच्या ओसरीवर झोपलो होतो ते आजोबा आमच्या आधी उठले होते. फजरच्या वुजूसाठी मी अंगणात बसलो आणि खिशातून मिसवाकचं पाकीट काढलं. शाळेपासूनचा मित्र शेजारी ब्रश करत होता. त्यानं पाकीट हातात घेऊन उजेडात धरलं आणि हसत म्हणाला, "अरे, ही तर पाकिस्तानची!"

छापलेलं तसंच होतं. त्याच्या हसण्यात खोट नव्हती, मीही हसलो. आजोबांनी मात्र काडी मागून घेतली. तिचा वास घेतला, नखानं साल सोलून जिभेला लावली. म्हणाले, "तिखट हाय. हे झाड आमच्या रानात न्हाई. आम्ही करंजाची घेतो, नायतर निंबाची. कुठलं म्हनायचं हे?"

मला उत्तर देता आलं नाही. लहानपणापासून जी काडी तोंडात धरली, तिचं झाड मी कधी पाहिलंच नव्हतं. मुंबईत मशिदीबाहेरच्या गाड्यावर अत्तर, टोपी, तसबीह आणि खजुराच्या शेजारी ती मिळते. म्हणून मनात कुठेतरी पक्कं बसलं होतं, की हे अरबस्तानातलं झाड. मित्राला ते पाकिस्तानचं वाटलं, मला अरबस्तानातलं. इथलं असेल असं आमच्यापैकी कोणालाच वाटलं नाही. हा लेख आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर आहे. ते मिळायला मला बराच वेळ लागला.

खारीच्या बांधावर

झाड भेटलं ते आजोळी. माझं आजोळ रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात. तिथं भरतीच्या चिखलात तिवरं उभी असतात. त्यांच्या मागं, जमिनीच्या बाजूला, खारजमिनीचे आणि मिठागरांचे बांध लागतात. त्या बांधावर एक पसरट, गुंतागुंतीचं झुडूप लहानपणी शेकडो वेळा पाहिलं होतं. पानं समोरासमोर, जाडसर आणि रसाळ. फुलं हिरवट पांढरी, इतकी बारीक की लक्षातही येत नाहीत. फळं मिऱ्याच्या दाण्याहून थोडी मोठी. आधी गुलाबी आणि पिकली की काळपट जांभळी होतात. एक पान चावून पाहिलं तर तोंडात मोहरीची झणझणी आली. मग मूळ उकरून त्याचं टोक चावलं. तीच चव, तोच वास. आजोळचं सगळं बालपण ज्याच्या शेजारी गेलं, ते झाड मिसवाकचं होतं.

मराठीत त्याला पिलू म्हणतात, खाकण म्हणतात. कोकणात मिरजोळी हेही नाव आहे. गुजरातीत ती खारी जाळ, सिंधीत खब्बर, अरबीत अराक. 'मिसवाक' किंवा 'सिवाक' हे झाडाचं नाव नाही. दात घासायच्या काडीला ते म्हणतात, मग काडी कोणत्याही झाडाची असो. झाडाचं शास्त्रीय नाव साल्वादोरा पर्सिका. लॉराँ गार्सां नावाचा एक वैद्य डच कंपनीच्या जहाजांवर होता. त्यानं १७४९ साली या झाडाची नवी जात म्हणून नोंद केली आणि बार्सिलोनाच्या साल्वादोर नावाच्या औषधविक्रेत्याचं नाव तिला दिलं. चार वर्षांनी लिनियसनं त्यापुढे 'पर्सिका' जोडलं, कारण त्याच्यापर्यंत आलेली माहिती इराणच्या आखाताची होती. असं या झाडाच्या नावात स्पेन आणि इराण दोघंही बसले. नावावरून गाव ओळखू नये, हा पहिला धडा.

मग त्याचं गाव कोणतं? आफ्रिकेच्या कोरड्या प्रदेशापासून अरबस्तान, इराण, सिंध, राजस्थान, कच्छपर्यंत ते वाळवंटात वाढतं. आणि तेच झाड ठाणे खाडीच्या काठावर, कोकणच्या खाड्यांत आणि तमिळ किनाऱ्यावरही वाढतं. एका जागी पावसाचा थेंब नाही, दुसऱ्या जागी चार महिने धो धो पाऊस. दोन्हीकडे सारखी असलेली गोष्ट एकच: मीठ. वाळवंटात पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. खाडीत भरती मीठ आणून टाकते. पाणी आहे पण पिता येत नाही, ही अडचण दोन्हीकडे एकच. हे झुडूप जाड पानांत पाणी आणि क्षार साठवून तिथं तग धरतं. गुंजवण्याच्या रानात ते नाही, कारण तिथं पाऊस माती धुऊन गोडी ठेवतो. आजोबांचं निरीक्षण बिनचूक होतं.

पाणिनीचा पीलू

आता ग्रंथांकडे वळू. संस्कृतात या झाडाचं नाव पीलु. पाणिनीच्या अष्टाध्यायीत एक सूत्र आहे. त्यानुसार पीलू पिकण्याच्या काळाला 'पीलुकुण' असा स्वतंत्र शब्द होतो. ज्या फळाच्या हंगामाला व्याकरणकार वेगळा शब्द नोंदवतो, ते फळ लोकांच्या रोजच्या बोलण्यात असणार. पाणिनी शलातुरचा, म्हणजे आजच्या पाकिस्तानातल्या स्वाबी भागातला. माझ्या मित्राच्या हिशेबानं मग संस्कृत व्याकरणही पाकिटावर काय छापलंय ते बघून घ्यावं लागेल.

महाभारताच्या कर्णपर्वात वाहीक देशाचं वर्णन येतं, त्यात शमी, पीलु आणि करीर यांची वनं आहेत. मनुस्मृतीत मुंजीच्या दंडाची झाडं वर्णानुसार सांगितली आहेत. वैश्य बटूसाठी तिथं पीलु किंवा उंबर आहे. चरकानं रेचनाला साहाय्य करणाऱ्या द्रव्यांत पीलूचं फळ धरलं. अमरकोशात पीलु म्हणजे हे झाड आणि पीलु म्हणजे हत्तीही. फारसीत हत्ती 'पील', अरबीत 'फील', आणि आपल्या जुन्या मराठी कागदांत हत्ती बांधायची जागा 'पीलखाना'. पंजाब-सिंधच्या वाळवंटी पट्ट्यात पीलूची फळं वेचायला बायका घोळक्यानं जातात. सराइकी कवी ख्वाजा गुलाम फरीद (मृत्यू १९०१) यांची त्यावरची काफी आजही गायली जाते. ती फळं बहुधा या झाडाच्या सख्ख्या भावाची, मिठ्या जाळीची. पण पाणिनीच्या सूत्रातला हंगाम आणि ख्वाजा साहेबांच्या काफीतला हंगाम एकच आहे.

म्हणजे झाड इथलं आहे. कोणी आणलेलं नाही. मला इथंच थांबायला आवडलं असतं. पण वाचताना वाग्भटाचा अष्टांगसंग्रह हाती आला आणि गोष्ट इतकी सरळ नाही हे कळलं. त्यात दात घासायला कोणत्या झाडांच्या काड्या वापरू नयेत याची यादी आहे. त्या यादीत शमी आहे, पिंपळ आहे, निर्गुडी आहे आणि पीलूही आहे.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. इथल्या वैद्यांना हे झाड ठाऊक होतं. त्याचं फळ ते औषधात वापरत होते. पण दंतकाष्ठ म्हणून त्यांनी करंज, निंब, खैर निवडले आणि पीलू वर्ज्य मानला. गुंजवण्याचे आजोबा करंजाची काडी घेतात तेव्हा ते त्या जुन्या परंपरेतच उभे असतात. झाड इथलं होतं. ही काडी दाताला लावायची रीत मात्र दुसरीकडून आली.

अराकच्या सावलीत

ती रीत कुठून आली हे आपल्या वाचकांना सांगायला नको. उम्मतला जड जाईल अशी भीती नसती तर प्रत्येक नमाजच्या वेळी सिवाक करायचा हुकूम दिला असता, या आशयाची पैगंबरांची (स.) हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. पण अराक हदीसमध्ये काडीपुरतं येत नाही, ते जितंजागतं झाड म्हणून येतं. मक्केजवळ मर्र अज-जहरान इथं सहाबा अराकची फळं वेचत होते. पैगंबरांनी काळी पडलेली वेचायला सांगितली, कारण ती अधिक चांगली. हे इतकं नेमकं कसं माहीत, आपण शेळ्या-मेंढ्या चारल्या होत्या का, असं कोणीतरी विचारलं. त्यांनी होकार दिला आणि प्रत्येक नबीनं मेंढरं राखल्याचं सांगितलं. पिकलेलं फळ रंगावरून ओळखणं ही गुराख्याची विद्या आहे. हदीसचा हा तुकडा मला फार प्रिय आहे, कारण त्यात रानात वाढलेला माणूस दिसतो.

अब्दुल्लाह बिन मसऊद सिवाक तोडायला अराकवर चढले आणि त्यांच्या काटक्यांसारख्या पोटऱ्या पाहून लोक हसले. त्याच पोटऱ्या तराजूत उहुदच्या डोंगराहून भारी ठरतील, असं पैगंबरांनी त्यांना सुनावलं. आणि शेवटच्या आजारात, बोलायचीही शक्ती उरली नव्हती तेव्हा, अब्दुर्रहमान बिन अबूबक्र यांच्या हातातल्या सिवाककडे त्यांची नजर गेली. हजरत आयेशांनी ती काडी चावून मऊ करून दिली. ज्या काडीला ही आठवण चिकटली आहे, तिला नुसतं दात घासायचं साधन म्हणता येत नाही.

ही आठवण घेऊन माणसं समुद्रावरून आपल्या किनाऱ्याला आली. मसऊदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६-१७ च्या सुमारास, सैमूरला आला. सैमूर म्हणजे आजचं चौल. तिथं सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचं तो लिहितो. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदादचे होते आणि इथंच जन्मलेलेही होते. इथं जन्मलेल्यांना 'बयासिरा' म्हणत. त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक 'हुनरमन' राजा नेमत असे. राज्य राष्ट्रकूटांचं होतं.

त्याच राष्ट्रकूटांचा ९२६ सालचा ताम्रपट डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला सापडला. त्यात संजाण प्रदेशाचा अधिकारी 'मधुमती' नावाचा ताजिक, म्हणजे अरब, आहे. मधुमती हे मुहम्मदचं संस्कृत रूप. त्यानं नदी ओलांडायला विनामूल्य नावा ठेवल्या होत्या आणि भात, कालवण आणि तूप वाढणारं अन्नछत्र चालवलं होतं, अशी नोंद त्यात आहे. एका देवीच्या मठाला गाव दान देण्याचा तो लेख आहे, आणि त्या दानाला या मुहम्मदाची मान्यता आहे.

या खलाशांनी खाडीत गलबत नांगरलं असेल तेव्हा समोर काय उभं होतं, हे मी आजोळच्या बांधावर पाहिलं आहे. तिवरांच्या मागं अराक. घर सोडून हजारो कोस आल्यावर त्यांना इथली भाषा, पाऊस, अन्न सगळं परकं असणार. ओळखीचं असं एक झुडूप तेवढं होतं.

हा संबंध आजही फिकहमध्ये दिसतो. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई, घाटावरचे हनफी. शाफई मत समुद्रमार्गे आलं. रोज्यात दुपार कलल्यावर मिसवाक करणं शाफईंच्या मते मकरूह, हनफींच्या मते चालतं. आमच्या घरात आईकडचे कोकणी आणि वडिलांकडचे देशावरचे. रमजानमध्ये असरच्या वेळी अब्बा मिसवाक करत बसले की नानी तोंड फिरवून घ्यायची. त्या तोंड फिरवण्यात हजार वर्षांचा समुद्र होता, हे मला फार उशिरा कळलं.

एकच इलाखा

पाकिटावरच्या 'पाकिस्तान'चंही बघू. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केला. हे कुक पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांच्या ग्रंथात कोकण, देश, गुजरात यांच्या सोबत सिंधही आहे, कारण सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. १ एप्रिल १९३६ ला तो वेगळा प्रांत झाला. तोवर कराचीचा कारभार मुंबईहून चाले. सिंधची खब्बर आणि कोकणची मिरजोळी एकाच सरकारची झाडं होती.

२०१९ मध्ये पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयात कर लागला आणि मे २०२५ मध्ये आयातच बंद झाली. सरकारांना तसे निर्णय घ्यावे लागतात, त्यावर इथं बोलायचं नाही. मला खटकतं ते एवढंच, की जे झाड आपल्या बांधावर आहे ते आपल्याला पाकिटातूनच भेटावं आणि पाकिटावर लिहिलेला देशच त्याचा देश ठरावा. याच देशात मुंबईच्या बलसारा कंपनीनं मेसवाक टूथपेस्ट काढली. २००५ मध्ये ती डाबरकडे गेली. ती सगळ्या धर्मांच्या न्हाणीघरांत असते आणि ट्यूब हातात घेऊन तिचा देश कोणी विचारत नाही.

तिखटपणाचं कारणही आता माहीत आहे. वनस्पतीशास्त्रात हे झुडूप मोहरीच्याच गणात येतं. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं, की मुळातलं बेन्झिल आयसोथायोसायनेट हिरड्यांच्या रोगाशी निगडित काही जंतूंना मारतं. मोहरीची झणझणी ज्या घराण्यातल्या द्रव्यांची, त्याच घराण्यातलं हे द्रव्य. पण काडीला मूळच सगळ्यात चांगलं, आणि मूळ खणलं की झुडूप जातं. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये कांदळवनांच्या तोडीला मनाई केली. त्या पट्ट्यामुळे खाडीकाठची बरीच मिरजोळी वाचली. आपली सुन्नत भागवायला ती उपटायची वेळ येऊ नये. फांदीची काडीही चालते. कित्येक आलिमांनी तर कडुनिंबही चालवला आहे.

सबाची बाग आणि नीरेचं खोरं

कुरआनात सबाच्या लोकांची गोष्ट आहे (सूरह सबा, आयत १६). त्यांच्या दोन बागा होत्या. बांधाचा पूर आला आणि बागांच्या जागी कडवट फळांचं 'खम्त', 'अस्ल' म्हणजे झाऊ आणि थोडीशी बोरं उरली. बऱ्याच जुन्या भाष्यकारांनी 'खम्त' म्हणजे अराक असं सांगितलंय. तो बांध यमनमधल्या मआरिबचा. सहाव्या शतकात अब्रहानं तो दुरुस्त केल्याचा शिलालेख आहे, आणि त्यानंतर तो कायमचा फुटला. कृतघ्नतेची शिक्षा म्हणून आपण ही आयत वाचतो. ती मातीचीही गोष्ट आहे. पाण्याची शिस्त मोडली की बागाईत जमीन खारी होते, आणि खाऱ्या जमिनीत उरतात ती हीच झाडं.

हे वाचताना मला गुंजवणं आठवलं. राजगडाच्या परिसरातून निघणारी गुंजवणी पुढे नीरेला मिळते. नीरेचं पाणी वीरपासून डाव्या कालव्यानं बारामतीकडे जातं. हा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला, घरं उभी राहिली. पण काळ्या जमिनीला पाणी जास्त झालं, निचरा होईना, आणि खालचे क्षार वर आले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवर १९१० मध्येच पुस्तिका लिहिली. कालव्याला तेव्हा पंचवीस वर्षंच झाली होती. आज कृष्णाकाठापर्यंत क्षारपड जमिनीचं दुखणं पसरलं आहे. गुंजवण्यात गोड असलेलं पाणी, जास्त झालं म्हणून खाली जमीन खारट करतं.

गुजरातेत केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेच्या भरुच केंद्रानं अशाच खारट काळ्या जमिनीत हे झुडूप लावून पाहिलं. दुसरं काही उगवत नाही तिथं ते उगवलं, आणि साबणाला चालणारं तेल देणाऱ्या बियाही आल्या. सबाच्या बागेत जे झाड अखेरचं म्हणून उरलं, तेच पडीक जमिनीत पहिलं म्हणून लावता येतं. कुरआनातली इशारत आणि शेतकऱ्याची आशा एकाच झुडपावर येऊन मिळतात, हे मला अल्लाहच्या कारागिरीतलं फार मोठं काम वाटतं.

तर आजोबा, उत्तर असं आहे. हे झाड मिठाच्या मुलखातलं. जिथं मीठ आहे तो प्रत्येक देश त्याचा आहे. ते आपल्या किनाऱ्यावर कोणी आणलं नाही. त्याची काडी तोंडात धरायची रीत मात्र जहाजातून आली आणि इथल्याच लोकांनी ती आपली केली. आम्हा मराठी मुसलमानांचंही बरंचसं असंच आहे.

पुढच्या वेळी गुंजवण्याला जाईन तेव्हा पाकीट नेणार नाही. आजोळच्या बांधावरची एक फांदी नेईन, त्यांच्या हातात देईन आणि त्यांच्याकडून एक करंजाची मागून घेईन.